गावात राहून नाटक-सिनेमा-पुस्तकांचं वेड कसं जपता?

सड्यावरची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी कुडाळ तालुक्यातली, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. सिनेमा, कादंबऱ्या, नाटक, कविता, सगळ्याचंच वेड. आवडलेली कविता वहीत उतरवून घेते, त्यामुळे वह्या तीन झाल्यात आणि अकाउंट्सची मात्र एकही धड भरलेली नाही. आई म्हणते, "यातलं एक काहीतरी नीट कर." बाबा म्हणतात दोन डगरींवर पाय ठेवणारे पडतात, तू तर चार डगरी शोधल्यास.

वाडीत रेंज नाही. सिनेमा उतरवून घ्यायचा तर वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळावर, जाऊन बसायचं, आणि जूननंतर तेही बंद. थेटरात मराठी सिनेमा लागला तर पुढच्या शुक्रवारपर्यंत टिकेल याची खात्री नाही. संध्याकाळच्या खेळाला गेलं तर वस्तीची एसटी चुकते. मुंबईची नाटकं आमच्याकडे वर्षातून एखाद-दुसरी.

तर प्रश्न दोन. गावात राहणारे तुम्ही हे वेड कसं जपता? आणि खरंच एकच काहीतरी धरावं का?

मी_पयलो

मी पयलो! आता वाचतंय.

चाकरमानी_परळ

सरळ सांगतो, मुंबईला ये. शिवाजी मंदिर, यशवंत, रवींद्र, पृथ्वी. एका रविवारात दोन नाटकं होतात. गावात राहून ही आवड पोसली जात नाही, मी अनुभवाने बोलतोय. कणकवलीत होतो तोवर "नाटकवेडा" म्हणून नाव होतं. नाटक पाहायला मिळालं ते दादरला आल्यावर.

सातपन्नासची_लोकल

@चाकरमानी_परळ, दादा, मी माटुंग्याला नोकरी करते. यशवंत नाट्यमंदिर ऑफिसातून चालत गाठता येतं. शेवटचं नाटक कधी पाहिलं ते आठवत नाही. सात-पन्नास चुकली की पुढचं सगळं चुकतं, घरी कुकर लावायचा असतो. दोघांचं तिकीट, येणंजाणं, मध्यंतरातला वडा धरून हजाराच्या वर जातं. रविवारी दोन नाटकं बघणारा माणूस नक्कीच अविवाहित असणार.

चाकरमानी_परळ

होय, अविवाहित आहे. मुद्द्यावर या.

पेटीवालो

गो चेडवा, तू नाटक खंय शोधतंस? तुझ्या देवळात येता ता काय मगे? त्रिपुरारी पुनवेच्या सुमाराक जत्रा सुरू झाल्यो की मे म्हयन्यापर्यंत रोज खंय ना खंय दशावतार आसता. तिकीट नाय, हॉल नाय. बसूक गोणपाट घे आणि अंगार चादर. संहिता म्हणशीत तर ती पण नाय. मालक सांजेक सांगता, आज ह्या आख्यान, तू राजा, तू राक्षस. बाकीचा उभ्या उभ्या रंगमंचार. पुराणातला बोलता बोलता मधीच सरपंचाक टोलो हाणतत. असला नाटक मुंबैत दाखव बघू खंयचा.

सड्यावरची

@पेटीवालो काका, जाते की! काकीबरोबर जाते, कारण एकटीला पहाटेपर्यंत कोण पाठवणार. पण मला नाटकापेक्षा आधीचा तासभर जास्त आवडतो. मागच्या जत्रेला धर्मशाळेत डोकावले. एकच बल्ब, पत्र्याच्या ट्रंकेला टेकवलेला आरसा, आणि प्रत्येक जण आपला चेहरा आपणच रंगवतोय. स्त्रीपार्ट करणारा दादा नऊवारी नेसून, अर्ध्या तोंडाला रंग लावून फोनवर बोलत होता, "उद्या सकाळी येतंय, मोटरीची वायंडिंग करून ठेवतंय." दिवसा तो पंप दुरुस्त करतो. रात्री एकच्या पुढे तो द्रौपदी होऊन रडला तेव्हा काकीने पदर डोळ्याला लावला. मी मात्र त्या पंपाचं काय झालं असेल याचा विचार करत होते.

तर्कट

आता सगळे दशावतारावर आरत्या ओवाळतील म्हणून आधीच विरोधी मत नोंदवून ठेवतो. लहानपणापासून पाहतोय. सुरुवातीला गणपती, रिद्धी-सिद्धी, मग वेद चोरणारा संकासुर आणि त्याचा वध, पुढे आख्यान. हा सांगाडा मला मान्य आहे. पण हल्ली अर्धा वेळ ट्रिकसीनमध्ये जातो. धूर, लाल लाइट, कर्णा फाटेपर्यंत आवाज. नटाला सुचलेलं सगळंच सुचण्याजोगं असतं असंही नाही. तोच विनोद तीन गावांत ऐकलाय. आणि ज्यात पिढ्यान्‌पिढ्या बाईला जागा नव्हती, ते एका मुलीला "तुझ्या दारात नाटक आहे" म्हणून सांगायचं?

पेटीवालो

तर्कटा, तोच विनोद तीन गावांत ऐकलंस म्हणजे तीन जत्रा फिरलंस. आवडता म्हणून सांग ना.

तर्कट

:) बायको माहेरची जत्रा चुकवू देत नाही.

माडाखालची_माया

तर्कट यांचा शेवटचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. आता महिलांची दशावतार मंडळं उभी राहिलीत, पण आमच्या वेळी मुलीने जत्रेत पहाटेपर्यंत थांबणं हीच बातमी व्हायची. @सड्यावरची, काकी आहे तोवर तिला सोडू नकोस. प्रत्येक घरात अशी एक काकी हवी.

रत्नांग्रीकर

सिंधुदुर्गवाल्यांनो, कोकण खारेपाटणला संपत नाही. आमच्याकडे नमन हे लोकनाट्य आहे, त्यात गवळण आहे, मावशी आहे, आमचाही संकासुर आहे. जाखडीत शक्ती-तुऱ्याचे सामने ऐकलेत का? एक शाहीर गाण्यातून पुराणातला पेच टाकतो, समोरच्याने उत्तर गाऊनच द्यायचं. वहीत कविता उतरवणाऱ्यांनी एकदा तिथे वही घेऊन बसावं, हात दुखेल.

बांगडा_तिखलं

आणि भजनाची डबलबारी विसरलात? दोन बुवा समोरासमोर, गजर सुरू झाला की मांडवात उभं राहायला जागा नसते. आमचा एक बुवा विरोधी बुवाच्या नेसूच्या धोतरापासून सुरुवात करतो आणि ज्ञानेश्वरीवर आणून सोडतो.

अवांतर: जत्रेतलं खाजं कुठलं चांगलं?

मी_पयलो

खाज्याचा धागा येगळो काढा. पन्नास प्रतिसाद येतील.

कपाटाची_किल्ली

मी दापोली तालुक्यातल्या एका गावचं वाचनालय सांभाळते. ड वर्ग, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचा. अनुदान येतं तेव्हा येतं. शाळेशेजारची एक खोली, तीन लोखंडी कपाटं, एक टेबल, वर्तमानपत्रांची काठी. जुलैत कपाट उघडलं की ओलीचा वास थेट डोक्यात जातो. डांबरगोळ्या ठेवूनही कसर लागतेच. नवरात्रानंतर कडक ऊन पडलं की मी पुस्तकं अंगणात पसरते, तेव्हा येणारे-जाणारे थांबून विचारतात, "विकायला काढली काय?"

तरीही @सड्यावरची, तुझ्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर हेच, वाचनालय. महिन्याच्या वर्गणीत एक वडापाव येत नाही. नवीन पुस्तकं कमी असतील, जुनी चांगली भरपूर. आमच्याच तालुक्यातल्या मुर्डीचे श्री. ना. पेंडसे, 'गारंबीचा बापू' १९५२ चं. आमच्याकडची प्रत दोनदा बांधून घेतलीय, कारण प्रत्येकाला आपल्या गावातला बापू त्यात सापडतो आणि मग तो पुस्तक परत करत नाही.

वाचकही एकेक. निवृत्त एसटी कंडक्टर आहेत एक, फक्त रहस्यकथा वाचतात. वाचून झाली की पेन्सिलने बाराव्या पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवतात.

सातपन्नासची_लोकल

बाराव्या पानावर!! तिकीट पंच केल्यासारखं :D

तर्कट

शेवटच्या पानावर लिहिलं असतं तर तो शेरा ठरला असता. बाराव्या पानावर म्हणजे सूड आहे.

कपाटाची_किल्ली

विचारलं तर म्हणाले, "पुढच्याचा वेळ वाचतो."

वाशिष्ठीकाठ

वाचनालयाचा विषय निघालाच आहे म्हणून. आम्ही चिपळूणचे. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. २००५ ला पाणी शिरलं, २२ जुलै २०२१ ला पुन्हा शिरलं. पुस्तक भिजलं की नुसतं वाळवून भागत नाही. गाळ पानांत शिरतो, पानाला पान चिकटतं, सोडवायला गेलं की छपाईसकट सोलून येतं. दोनदा हे बघूनही ते वाचनालय उभं आहे. त्यामुळे "गावात काही नाही" असं कोणी म्हटलं की मला जरा राग येतो.

रत्नांग्रीकर

@वाशिष्ठीकाठ, दंडवत. मात्र वयाचं बोलत असाल तर आमचं नगर वाचनालय १८२८ चं आहे. नोंद असू द्या.

वाशिष्ठीकाठ

आली नोंद. साहित्य संमेलन २०१३ ला आमच्याकडे झालं, तीही असू द्या.

फुकटचा_वाचक

सगळ्यांनी एवढा त्रास का घ्यायचा? टेलिग्रामवर हवं ते पुस्तक मिळतं. सड्यावर बसून सिनेमा उतरवता तर पुस्तकही उतरवा.

शाईपेन

@फुकटचा_वाचक, लेखकाच्या मानधनाचं कोण बघणार? आणि गंमत म्हणजे कायद्याने फुकट मिळणारंच इतकं आहे की चोरी करायची गरज नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरचं पुढचं वर्ष उजाडलं की तिथून ६० वर्षं हक्क राहतात. केशवसुत १९०५ ला गेले, त्यांच्या कविता कधीच्या मोकळ्या. साने गुरुजी १९५० ला गेले, म्हणजे २०११ पासून तेही मोकळे. उलट आरती प्रभू १९७६ ला गेले, त्यांचे हक्क २०३६ अखेरपर्यंत आहेत, ते विकत घ्या किंवा वाचनालयातून आणा.

फुकटचा_वाचक

एवढा हिशेब करण्यापेक्षा मी वर्गणी भरतो बाबा.

माडाखालची_माया

बरं झालं आरती प्रभूंचं नाव निघालं, मी तेच लिहायला आले होते. दुसऱ्या प्रश्नाचं, एकच धरावं का याचं.

सड्यावरची, तुझ्या तालुक्यातच उत्तर आहे गं. चिं. त्र्यं. खानोलकर वेंगुर्ल्याकडच्या तेंडोलीचे, कुडाळला खानावळ चालवायचे. गल्ल्यावर बसून कविता. १९५९ ला मुंबईला गेले (@चाकरमानी_परळ, हा मुद्दा तुमच्या बाजूने). कवितेला आरती प्रभू, बाकीच्याला खानोलकर. 'कोंडुरा' ही कादंबरी, 'एक शून्य बाजीराव' हे नाटक, 'नक्षत्रांचे देणे' हा कवितासंग्रह, ज्याला ते गेल्यावर १९७८ चा साहित्य अकादमी मिळाला. 'चानी'वर व्ही. शांतारामांनी सिनेमा काढला, 'कोंडुरा'वर श्याम बेनेगलांनी. तुझ्या चारही डगरी एकाच माणसाच्या.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी त्यांच्यापर्यंत पुस्तकातून गेलेच नाही. रेडिओवर 'गेले द्यायचे राहून' लागायचं, आम्ही भांडी घासता घासता गुणगुणायचो. ते गाणं म्हणजे कविता आहे आणि तो कवी इथला आहे, हे कॉलेजात एका सरांनी सांगितलं. मग संग्रह, मग कादंबरी, मग नाटकाचं पुस्तक. 'रात्र काळी, घागर काळी' वाचून दोन रात्री परसात जायला घाबरत होते. मला त्या वेळी कोणी "एकच धर" म्हटलं असतं तर मी गाण्याशीच थांबले असते.

बांगडा_तिखलं

+१. फक्त "खानोलकर नाटकं, कादंबऱ्या लिहायचे म्हणून तूही सगळं कर" हे आईला पटवताना त्यांच्या पैशाच्या ओढाताणीबद्दल बोलू नकोस.

तिसरी_घंटा

मी जरा कडू बोलणार आहे. माया ताईंचं बघणाऱ्या-वाचणाऱ्यासाठी बरोबर आहे. पण करायचं असेल तर धरावंच लागतं.

मी हौशी नाटकवाला. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारा आमचा ग्रुप. दिवसा कोणी बँकेत, कोणी मेडिकलच्या दुकानात, तालमी रात्री नऊनंतर शाळेच्या हॉलमध्ये. नेपथ्य करायला सुतार मिळतो, नायिका मिळत नाही. मुलगी मिळाली तर पंधरा दिवसांनी तिच्या घरून फोन येतो, "रात्रीचं सोडायला कोण येणार?" मग आम्ही घरी जाऊन बसतो, चहा पितो, समजावतो. दोन वेळा प्रयोगाच्या आधी आठवडाभर भूमिका बदलावी लागलीय. एवढं सगळं करून प्रेक्षागृहात परीक्षक, आमच्या बायका आणि पुढच्या दिवशीचा स्पर्धक ग्रुप. आणि तरीही तिसरी घंटा झाली की पोटात जे होतं, ते दुसऱ्या कशाने होत नाही.

तेव्हा @सड्यावरची, तुला करायचंय की बघायचंय हे आधी ठरव. करायचं असेल तर ग्रुप शोध, पहिल्या वर्षी प्रॉम्प्टिंग कर. संहिता हातात धरून रोज ऐकलीस की नाटक कुठे ढिलं पडतं ते आपोआप कळतं. बघून कळत नाही.

सातपन्नासची_लोकल

हौशी तालमींचं वर्णन वाचून 'वस्त्रहरण' आठवलं.

रत्नांग्रीकर

आठवणारच. गंगाराम गवाणकर आमच्या राजापूर तालुक्यातल्या माडबनचे. गावातली मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक बसवतात आणि त्याचा जो विचका होतो, तेच नाटक. १९८० ला आलं, मच्छिंद्र कांबळींनी गाजवलं, पाच हजारांवर प्रयोग झाले. ज्याने गावच्या नाटकात कधी काम केलंय त्याला ते विनोदी वाटत नाही, अहवाल वाटतो.

तिसरी_घंटा

अहवाल :D आमच्या एका प्रयोगात राजाचा मुकुट विंगेतल्या पंख्यात गेला होता. पुढचा प्रवेश त्याने डोक्याला पंचा बांधून केला. परीक्षकांनी वेशभूषेत "ग्रामीण प्रतीकात्मकता" म्हणून गुण दिले.

पणजी_गाडी

सिनेमावाल्यांसाठी. सिंधुदुर्गातल्या मुलांना मुंबई लांब, गोवा जवळ. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून पणजीलाच भरतो, साधारण नोव्हेंबरात. प्रतिनिधी म्हणून आधी नाव नोंदवायचं, पुढे रोज सिनेमे आरक्षित करायचे. सकाळच्या रेल्वेने थिविम किंवा करमळी, तिथून बस. आम्ही सावंतवाडीची चौघं जातो, रात्री मावशीकडे पर्वरीला. इराणी, कोरियन, पोलिश, दिवसाला चार. तिसऱ्या सिनेमाला एकाला झोप लागतेच, त्याला शेवट सांगायचा नाही असा नियम आहे.

तर्कट

चार सिनेमे एका दिवसात म्हणजे बघणं नव्हे, हजेरी.

पणजी_गाडी

तुम्ही पहाटेपर्यंत जत्रेत बसता ते काय?

तर्कट

तिथे मध्ये भजी मिळतात.

कपाटाची_किल्ली

सिनेमावरून एक. २०२५ च्या सप्टेंबरात 'दशावतार' आला तेव्हा आमच्या गावातून खास गाडी करून लोक बघायला गेले. दिलीप प्रभावळकरांचं काम बघून आमच्या शेजारच्या आजी परत येताना म्हणाल्या, "हा माणूस जत्रेत कधी दिसला नाही तो?" आणि ज्यांनी गाडी केली त्यातल्या निम्म्यांनी दशावतार प्रत्यक्ष कधीच पाहिलेला नव्हता, कारण आम्ही पडलो उत्तरेचे, नमनवाले.

सड्यावरची

बाप रे, एवढे प्रतिसाद. काल पाऊस होता, रेंज नव्हती, आज सगळं एकदम वाचलं.

@तिसरी_घंटा दादा, ते "करायचंय की बघायचंय" डोक्यात बसलंय. खरं सांगू, स्टेजवर जायचं नाहीये. मला दाखवायचंय. म्हणजे मी काही चांगलं पाहिलं, वाचलं की लगेच कोणाला तरी धरून दाखवावंसं वाटतं. मागे सुट्टीत चुलत भावंडांना 'किल्ला' दाखवला, फोनवर, सहा डोकी एका पडद्याला. बर्लिनला बक्षीस मिळालेला सिनेमा, आपल्याच कोकणातला, शाळा बदललेल्या मुलाचा. मधल्या भावाचीही बदलीमुळे शाळा सुटलेली. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी परत लाव म्हणाला.

तर असं काही देवळाच्या सभामंडपात करता येईल का? महिन्यातून एक सिनेमा, आधी कोणीतरी एक कविता वाचेल. भजन मंडळाकडे स्पीकर आहेत.

शाईपेन

करता येईल, पण तिकीट नसलं तरी जाहीर खेळाला हक्कधारकाची परवानगी लागते. ओटीटीचं खातं लावून गावाला दाखवणं नियमात बसत नाही. सुरुवात जुन्यापासून करा. सिनेमाचे हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतात. अत्र्यांचा 'श्यामची आई' १९५३ चा, पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा. सिनेमा म्हणून तो मोकळा झालाय. गाण्यांच्या हक्कांचं गणित वेगळं असू शकतं, ते एखाद्या वकिलाला विचारून घ्या.

मी_पयलो

पयल्याच खेळाक गावाक रडवतलंस?

कपाटाची_किल्ली

आमच्या पालगडची गोष्ट आहे ती, रडायला लाज कसली. खेळाच्या दिवशी पुस्तकाच्या दोन प्रती मी पाठवते. परत हव्यात.

पेटीवालो

सभामंडप मिळात, मानकऱ्यांक मी विचारतंय. पण एकादशी आणि सोमवार सोडून. शनवारी आमचा भजन आसता, तेव्हा स्पीकर देवचंय नाय.

माडाखालची_माया

म्हणजे शुक्रवार. कविता मी वाचेन, जोवर कोणी तरुण पुढे येत नाही तोवर. आणि एवढं जमलंच तर वर्षातून एकदा मालगुंडला केशवसुत स्मारकावर सहल काढू, त्यांच्या जन्मघरी. रत्नांग्रीकर जेवण देतील.

रत्नांग्रीकर

मी असं कुठे म्हणालो?

चाकरमानी_परळ

प्रोजेक्टर माझ्याकडे आहे. गणपतीला येतोय तेव्हा आणतो, परत न्यायला लावू नका. @सड्यावरची, आईला सांग, आता एकच धरलंय.

सड्यावरची

दादा, खरंच? वाचून दाखवलं आईला. ती म्हणाली, "आणि त्या शुक्रवारी एवढ्या लोकांचा चहा कोण करणार?"

बांगडा_तिखलं

भजी मी तळतो. तर्कटांना बोलवा. फक्त वस्तीची एसटी किती वाजता येते ते कोणीतरी नक्की सांगा, मला सावंतवाडीहून यायचंय.

पेटीवालो

पावणेनवाक. पण डायव्हर आमच्या भजनातलो आसा, तेका सांगून ठेवतंय.